वहिनीची सोमवारची हजेरी

माझ्या वहिनीची डिग्री माझ्यामुळे लटकली, आणि ती मी तिच्याच आवाजात लटकवली.

आधी ओळख करून देतो. मी कुडाळकडचा. शाळेत असताना हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा आख्ख्या सातवीला सुट्टी दिली होती. (नंतर हेडमास्तरांनी स्वतःच्या आवाजात मला आठवडाभर बाहेर उभं केलं, तो भाग वेगळा.) पुढे दोन महिन्यांसाठी म्हणून घाटकोपरला दादाकडे आलो, त्याला आता तीन वर्षं होतील. मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. दुकान सोमवारी बंद असतं. सगळी वाट त्या सोमवारानेच लावली.

वहिनी, म्हणजे स्नेहल परब, जवळच्याच एका शाळेच्या ऑफिसात सहा वर्षं कच्च्या नोकरीवर. पक्की क्लार्कची जागा निघणार होती, पण अट एकच: जूनपर्यंत ग्रॅज्युएट पाहिजे. लग्नात बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहून गेलेलं. मग तिने ऑनलाइन कोर्स घेतला. त्यात अर्धा भाग रेकॉर्डेड, म्हणजे आपल्या सवडीने बघायचा, आणि अर्धा लाइव्ह, म्हणजे त्यांच्या सवडीने. बारापैकी नऊ लाइव्ह लेक्चरला हजेरी सक्तीची.

कोर्स कोणासाठी? नोकरी करणाऱ्यांसाठी. लाइव्ह लेक्चर कधी? सोमवारी दुपारी चार वाजता! (हे ठरवणारा माणूस त्या वेळी कुठे असायचा, हे मला अजून कळलेलं नाही.)

रेकॉर्डेड भाग वहिनी पहाटे उठून करायची. एका बाजूला कुकर, मसाल्याच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, त्यात सर बोलतायत. शिट्टी झाली की सरांना थांबवायची, भाजीला फोडणी द्यायची, परत सर सुरू. एकेक भाग तीन-तीनदा बघायची. वही भरत होती, छोट्या चाचण्यांत मार्क चांगले पडत होते. अडलं ते सोमवारपाशी.

"भावोजी, एक काम कराल?" ती म्हणाली. "सोमवारी फक्त लॉगिन करून ठेवा. शाळेतून मला सुट्टी देत नाहीत हो. तुम्ही काही करू नका. फक्त गप्प बसा."

मला आयुष्यात कोणी इतकं कठीण काम सांगितलं नव्हतं.

पहिल्याच सोमवारी सरांनी हजेरी घेतली. आणि ती चॅटवर नाही, तोंडी! "लॅपटॉप लावून झोपतात लोक," सर म्हणाले. "आवाज ऐकल्याशिवाय मी हजेरी लावत नाही. आणि हे सगळं रेकॉर्ड होतंय, ऑफिससाठी." कॅमेरा बंद चालायचा, कारण चाळीस कॅमेरे सुरू झाले की सरांचंच नेट बसायचं. नावं पुढे सरकत होती. "स्नेहल परब?"

आता सांगा, मी काय करणार? घसा साफ केला, नाकातून थोडा सूर लावला. "येस स्सर!"

"लावली," सर म्हणाले.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज वहिनी पर्मनंट असती. पण तिसऱ्या सोमवारी सरांनी विचारलं, "कामात लक्ष नसलेल्या कर्मचाऱ्याला प्रोत्साहन कसं द्याल? परब मॅडम?"

"अय्या सर!" मी म्हणालो. "आमच्याकडे एक दीर आहे. दोन वर्षं प्रोत्साहन देतेय, अजून चादर घडी करत नाही!"

सर हसले. खरंच हसले, माइक सुरू ठेवून. चाळीस जणांच्या काळ्या चौकटींतून हसू फुटलं. दुकानात दिवसभर "स्क्रीनगार्ड लावू का" एवढंच बोलणाऱ्या माणसाला हे ऐकू आलं की त्याचं काय होतं, ते सांगता येत नाही. माझं डोकं फिरलं.

त्यानंतर मी वहिनीला रंगवतच गेलो. सासूबाई म्हणजे कंपनीच्या चेअरमन, गावाहून फोनवर कारभार करतात. नवरा म्हणजे कामगार संघटना, रविवारी संपावर असते. दर वाक्याला "अय्या", दर दोन वाक्यांना "गो बाय माझे". वहिनी आयुष्यात कधी "अय्या" म्हणालेली नाही. पण लोकांना आवडलं ना! बोरिवलीच्या एका बाईंनी मेसेज टाकला, "ताई, तुमच्यासाठी सोमवारची वाट बघते." सर तर विषय सुरू करायच्या आधीच विचारायचे, "परब मॅडम आल्यात ना?"

संध्याकाळी वहिनी दमून यायची. "झालं का हो नीट?"

"झकास," मी म्हणायचो. "कोणाला कळलंसुद्धा नाही."

"चला, एक काळजी मिटली."

मग आली तोंडी परीक्षा. कॅमेरा सुरू, दहा मिनिटं. वहिनीने अर्धा दिवस सुट्टी काढली, इस्त्रीची साडी नेसली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं. दादाने पंखा बंद केला. तो आणि मी पलंगावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे, घामाघूम बसलेलो. मला तर थोडा अभिमान वाटत होता. इतकं नाव कमावून दिलं होतं मी तिला!

सरांनी प्रश्न विचारला. वहिनीने हळू आवाजात, बरोबर उत्तर दिलं. दुसरा प्रश्न. तोही बरोबर. सरांच्या कपाळाला आठी.

"तुम्ही कोण?"

"स्नेहल परब, सर."

"परब मॅडमना बोलवा."

"मीच, सर."

"बाई, चार महिने ऐकतोय मी त्यांना."

वहिनीने आधार कार्ड दाखवलं. सर म्हणाले, "आधारवरचा फोटो कोणासारखाच नसतो. आवाजाचं काय?" आणि ऑफिससाठीचं रेकॉर्डिंग लावलं.

"अय्या सर! गो बाय माझे! आमचे हे म्हणजे सुस्त युनियन…"

उकाड्यात बसलेल्या दादाने हळूहळू मान माझ्याकडे वळवली. देवघरातला दिवा विझताना जसा दिसतो तसा मी दिसत असणार.

मला वाटलं वहिनी ओरडेल. तिने ते पूर्ण ऐकलं, मध्ये थांबवलं नाही. सासूबाई, युनियन, चादर, सगळं. लोकांचं हसणंही ऐकलं. मग कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "भावोजी, मी अशी बोलते?"

"भावोजी कोण?" सर म्हणाले. "समोर या!"

मी वाकून कॅमेऱ्यासमोर गेलो. माफी मागायची होती, मनापासून. पण घाबरलो की माझ्या तोंडातून शेवटचा वापरलेला आवाज निघतो. (हे मला तेव्हाच कळलं.)

"सॉरी स्सर," मी म्हणालो. वहिनीच्या आवाजात!

"हाच! हाच तो आवाज!" सर खुर्चीतून उठलेच. क्षणभर त्यांना इतका आनंद झाला की काय सांगू. मग आपण परीक्षक आहोत हे त्यांना आठवलं आणि स्क्रीन काळी झाली.

"मेल्या," दादा म्हणाला, "तोंड शिवून घे."

दोन दिवसांनी मेल आला. रेकॉर्डेड भागाचे मार्क कायम, आणि ते वर्गात सगळ्यात जास्त. लाइव्ह हजेरी रद्द. तोंडी परीक्षा रद्द. लाइव्हचा सगळा भाग पुढच्या सत्रात पुन्हा. जून आला आणि गेला. पक्की जागा ऑफिसातल्याच एका मुलीला मिळाली. तिला एक्सेल वहिनीने शिकवलं होतं.

मी पाय धरले. "वहिनी, दोन थोबाडीत द्या, पण बोला."

"मी सांगितलं होतं तेव्हा गप्प बसायचं होतं ना?" ती म्हणाली. "मीही तुम्हाला पाठवायला नको होतं. जाऊ दे. जेवून घ्या."

तेव्हापासून ती माझ्यासमोर मोजून बोलते. "चहा ठेवलाय." "पाणी भरा." पूर्वी भाजी निवडताना शाळेतल्या गमती सांगायची, हसायची. आता मी आत आलो की शब्द आवरते, जणू मी तेही उचलून नेईन. मी हल्ली चादरीची घडी करतो. कोणी बघत नाही.

यंदा तिने सोमवारी बिनपगारी अर्धा दिवस घेतलाय. चार वाजता लॅपटॉपसमोर ती स्वतः बसते, कॅमेरा सुरू ठेवून, आणि मला घराबाहेर काढलेलं असतं. परवा दारात चप्पल घालता घालता सरांचा आवाज कानावर आला. "परब मॅडम, तुमची उत्तरं उत्तम आहेत. पण जरा मोकळं बोला. गेल्या वर्षी काय बहार होती!"

"सर, ती मी नव्हते."

"हो, माहीत आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी सुस्कारा टाकला.

जिना उतरताना मला भरून आलं. सबंध मुंबईत माझ्या कलेची कदर करणारा एकच माणूस निघाला, आणि त्याने मला शून्य मार्क दिले. तेही वहिनीच्या नावावर.