कोनाड्यातलं कापड

मुंबईत जिवंतपणी कायमचं घर मिळणं कठीण, आणि आम्हा कॅथलिकांना ते मेल्यावरही मिळत नाही. अंधेरीतल्या आमच्या सिमेट्रीत जागा इतकी थोडी, की पुरलेल्या माणसाला दोनेक वर्षंच मातीत ठेवतात. मग कबर उघडायची, घरच्यांनी हाडं पुसून पेटीत भरायची आणि पेटी भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवायची. या कोनाड्याला आम्ही निश म्हणतो. घरचं कुणी आलंच नाही, तर हाडं मागच्या कोरड्या विहिरीत जातात, सगळ्यांची एकत्र. हे मी लहानपणापासून बघत आले आणि त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. विहीर ही दुसऱ्यांच्या माणसांसाठी असते, अशी माझी समजूत होती.

आई गेली तेव्हा पपांनी रडण्याआधी निशचं विचारलं. निश एकच हवा, दोघांना पुरेल असा. पपांची श्रद्धा साधी आणि हट्टी आहे. शेवटच्या दिवशी मेलेले उठणार म्हणजे हाच देह उठणार, दुखऱ्या गुडघ्यांसकट. "उठल्यावर इकडंतिकडं शोधत फिरू काय तिला? बाजूलाच पायजे," ते म्हणायचे. त्यांनी संगमरवराची पाटीसुद्धा करून आणली. वर आईचं नाव आणि खाली त्यांच्या नावापुरती मोकळी जागा. ती पाटी आमच्याकडे टीव्हीशेजारी भिंतीला टेकून उभी असायची. बातम्या बघताना डोळा तिच्यावर जायचा आणि माझं डोकं फिरायचं.

चर्चच्या ऑफिसातून फोन आला तो नेमका उपवासकाळात, ईस्टरच्या आधी. कबर उघडायची वेळ झालीय, केव्हा येता? आमच्यात या दिवसांत लग्नं लावत नाहीत, बरीच घरं मटण-मासळी सोडतात. कबर उघडू नये असा नियम मात्र कुठंच नाही. तो पपांनी स्वतःच काढला. "दुःखाच्या दिवसांत नको काढू तिला गो. ईस्टर होऊ दे. रविवारी प्रभू उठेल, सोमवारी आपण तिला उठवू." मी ऑफिसात तसं कळवलं. तिथली बाई "चालेल" म्हणाली. चर्चमध्ये कुणी चालेल म्हटलं की आमची माणसं पुन्हा विचारायला जात नाहीत. विचारलं तर विश्वास नसल्यासारखं दिसतं.

सोमवारी मी एकटीच गेले. पिशवीत पेटी, नवं पांढरं सुती कापड आणि गुलाबपाण्याची बाटली होती. आईच्या जागेवर ताजी माती होती, वर पुरती न सुकलेली फुलं आणि दुसऱ्याच कुणाचा लाकडी क्रॉस. मला वाटलं, रांग चुकली. फाटकापर्यंत परत गेले आणि पुन्हा चालत आले. त्याच ठिकाणी पोचले.

कबरी खणणारा पलीकडे पाणी मारत होता. मी त्याला हाक मारली.

"ती उघडली ना बाई गेल्या आठवड्यात. बॉडी आली होती, जागाच नव्हती. तुमच्याकडून कोण आलं नाय."

"अहो, ऑफिसात सांगितलं होतं आम्ही! ईस्टरनंतर येतो म्हणून."

"मला कोण नाय बोललं."

"मग हाडं?"

त्याने मागे विहिरीकडे बघितलं. मी झाकण काढायला लावलं. त्याने ते काढलं. आत बघून काय कळणार होतं? त्यातली माझी आई कोणती, हे मला सांगता आलं नाही.

ऑफिसात जाऊन मी कडाकडा भांडले. बाई सॉरी म्हणाली. फादर म्हणाले, देवाला प्रत्येक हाड ठाऊक असतं. मी म्हटलं, "फादर, मला ठाऊक नाही ना."

दर रविवारी मी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण देते. ईस्टरच्या सकाळी प्रभूची रिकामी कबर ही आनंदाची बातमी, हेच शिकवत आले. मुलांना चित्र रंगवायला द्यायचे, सरकलेला दगड आणि वर पिवळा सूर्य. त्या सोमवारी मला पहिल्यांदा त्या चित्रात नसलेल्या बायका दिसल्या. सकाळी सकाळी त्याच्या देहाला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन आलेल्या. त्यांना चमत्कार नको होता. आपल्या माणसाचं एक शेवटचं काम राहिलं होतं, तेवढं करायचं होतं, आणि तेही त्यांना मिळालं नाही. बायबलातल्या चार शुभवर्तमानांपैकी सगळ्यात छोट्यात तर त्या घाबरून पळून जातात आणि कुणाला काही सांगत नाहीत. सगळ्यात जुन्या प्रतींत गोष्ट तिथंच संपते, उठलेल्या प्रभूच्या पुढच्या भेटीगाठी नंतर कुणीतरी जोडल्या, असं आम्हाला शिकवणाऱ्या एका फादरांनी सांगितलं होतं. तेव्हा मला तो शेवट अर्धवट वाटला होता. आता वाटतं, खरा निरोप तेवढाच आहे. ज्याच्यावर जीव लावला तो ठेवल्या जागी नाही. बाकीचं सगळं समजूत घालणं आहे. पण ज्याने तो शेवट जोडला, त्याच्यावर मला रागावता येत नाही. त्याच्याही घरी कुणीतरी खुर्चीत बसून वाट बघत असणार.

पपा खुर्चीतच होते.

"नीट निघाली काय गो?"

"निघाली."

"हातातली रोझरी?"

"होती. माळ तशीच ठेवली."

ते रडले, बऱ्याच दिवसांनी आणि समाधानाने. मला रडता आलं नाही.

पाटी बसवायला गवंडी आला तेव्हा त्याने पेटी मागितली. मी ते कापड घडी करून आत ठेवलं, वर गुलाबपाणी शिंपडलं आणि झाकण लावलं. पेटी हातात घेतल्यावर त्याने ती एकदा तोलून बघितली, मग आत सरकवली. धर्मशिक्षण मी अजून देते. सोडायचं तर पपांना कारण सांगावं लागेल.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मी पपांना रिक्षाने सिमेट्रीत नेलं. आमचा निश अगदी खालच्या रांगेत आहे. मी मेणबत्त्या लावल्या. पपा काठीवर रेलून पाटीवरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

"मला इथंच ठेव," ते म्हणाले. "दुसरीकडं कुठं नको."

"इथंच ठेवीन, पपा."

"मला वाकवत नाय गो. तू सांग तुझ्या आयला, लवकर येतो म्हणून."

मी खाली बसले, पाटीला तोंड लावलं आणि त्या कापडाला सांगितलं.