दार न वाजवता येण्याची रीत

हे मी आमच्या यांनासुद्धा सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही नाही. नातवंडांशी मी रोज काही ना काही खोटं बोलते, पत्त्यांत, चकलीच्या डब्याबद्दल, आणि ती खुदखुदतात. हे खोटं तसलं नाही. म्हणजे, सुरुवात आहे हसण्यासारखी. तिथूनच धरते. तेवढाच धीर येतो.

छत्तीसगड राज्य नवंनवं होतं. मी भिलाईत नर्सिंगच्या पोरींना शिकवायची. कॉलेजनं मला ट्रेनिंगसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. दुर्ग स्टेशनवर गळ्यात झेंडूचे हार, डोळ्यांवर नवा गॉगल, बाईसाहेब निघाल्या मुंबईला विमान धरायला. पोचल्या कुठवर? नागपूरपर्यंत! परके लोक, इंग्रजी, एकटीनं राहणं... एवढ्याच धास्तीनं ही शूर बाई सामानासकट खाली उतरली आणि मावशीच्या घरी जाऊन लपली. तिकडच्या संस्थेला कळवलं, तब्येत बिघडली, येत नाही. इकडे कोणालाच काही कळवलं नाही. "कावून लपून राहिली वं? चोरी केली का कोणाची?" मावशी विचारायची. ट्रेनिंगची मुदत सरली तशी सीताबर्डीच्या बाजारातून फॉरेनचे साबण आणि चॉकलेटं घेतली आणि परत आले. वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीतल्या बाया तो साबण हुंगायला आल्या होत्या!

हसलात ना? मीही हसायची. एकटीच.

पुढं कॉलेज पोरींनाच तिकडे पाठवायला लागलं — त्याच देशात, त्याच संस्थेत. त्यांची तयारी कोण करून घेणार? फॉरेनवाल्या मॅडम! मी काय काय नाही शिकवलं. पेशंटला हात लावण्याआधी विचारा. जेवणाला नावं ठेवू नका. तिथली रीत विचित्र वाटली तरी नाक मुरडू नका, आपण पाहुण्या आहोत. चांगलंच होतं की ते. पण कुठं थांबायचं, कुठल्या गोष्टीला नाही म्हणायचं, कोणाकडे धाव घ्यायची — ते? ते मी शिकवलंच नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "घाबरता काय, मी नाही का राहून आली?"

वर्षा माझी विद्यार्थिनी. दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली, गार्डची पोर. इंजेक्शन देताना पेशंटशी असं बोलायची की त्याला सुई कळायचीच नाही. तिकडे गेली आणि थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मॅडम, ज्यांच्या घरी मले ठेवलं ना, ते काका दारच वाजवत नाहीत. येतात अन् पलंगावर बसून राहतात. इथं असंच असते का? तुमी राहून आल्या, म्हणून इचारून राहिली."

काय करायचं होतं मला? त्या संस्थेला एक फोन. पोरीचं घर बदला, एवढंच म्हणायचं. माझ्याकडे नंबर होता. पण त्यांनी नाव विचारलं असतं तर? नाव ऐकून कोणी म्हणालं असतं तर — अरे, त्या वेळी आल्याच नाहीत त्या तुम्हीच ना?

मी तिला म्हणाले, "असते तिथं तसं. त्यांची रीत आहे. ॲडजस्ट कर."

त्या देशाला बोल लावू नका. दार न वाजवता पोरीच्या खोलीत शिरायचं, ही जगातल्या कुठल्याच गावाची रीत नसते. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. फोन कानाला होता तेव्हाच कळत होतं.

तिनं परत फोन केला नाही. ट्रेनिंग अर्धं टाकून आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि मी — मी विचारलं नाही. नर्सिंग सोडलं तिनं. आता मी माझ्याच घरात प्रत्येक दार वाजवते. नातवंडं चिडवतात, "आजी तर फ्रिजपण वाजवून उघडते!" मी हसते. न हसून काय करू? सांगा, कुठं जाऊ हे घेऊन?

मागं सिविक सेंटरच्या एका दुकानात साडी घ्यायला गेले होते. काउंटरमागं वर्षा. तिनं मला ओळखलं, बाहेर आली, वाकून पाया पडली. मला वाटलं, आता बोलेल. चारचौघांत बोलेल. तिनं बोलावं असंही वाटलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचं नाव खराब केलं मी. मले नाही करता आलं ॲडजस्ट."

तिच्या डोक्यावर हात ठेवला मी. आणि म्हणाले, "जाऊ दे, बेटा. सगळ्यांनाच नाही जमत."