दादाची स्टील गिटार

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. जळगाव जामोदच्या बसस्टँडामागे एक रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याचा अपमान करायचा, मग रेडिओला एक चापट मारायचा. चापटीनंच रेडिओ सुरू झाला, तर त्याला मनापासून वाईट वाटायचं.

मी त्याच्यापुढे माझ्या वारलेल्या दादाची स्टील गिटार ठेवली. दादा ती मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत लग्नांत वाजवायचा. तो गेल्यावर ती माळ्यावर पडली आणि तारांचा आवाज पकडणारं पिकअप गंजून गेलं.

"मास्तर, हे वाजवासाठी हाये का कपडे वाळू घालासाठी?" त्यानं विचारलं.

तरी त्यानं मुंबईहून नवं पिकअप मागवलं. मी चौकशीला गेलो की म्हणायचा, "येऊन राह्यलं ना. पायी निंघालं हाये, थकलं असन."

शेवटी ते आलं आणि गिटारीत बसलं. त्यानं गिटार मांडीवर घेतली, तोंडातलं पान सांभाळत कांडी सरकवली. सूर असा घसरला की शेजारचा चहावाला हातातलं काम टाकून बघायला आला. पण आवाज तोच होता, दादाच्या हातचा, थरथरत लांबत जाणारा. मला समोरचं दिसेना.

त्यानं वर पाहिलं आणि कांडी खाली ठेवली.

"रडून राह्यले काऊन, मास्तर? इतकं बी खराब नाई वाजवलं मी."

मी डोळे पुसता पुसता हसलो. दादा गेला तेव्हा माझी समजूत घालायला अर्धं गाव आलं होतं, पण हसवणं कुणालाच जमलं नव्हतं.