चार नंबरचा संगणक

माझा वरचा दात आर्णीच्या एका नेट कॅफेत पडला आणि त्याला सूर्य जबाबदार होता, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. मला अजूनही हसू येत नाही.

तेव्हा मी यवतमाळला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. सुटीत घरी आलो की कॅफेत बसून सूर्याकडून येणाऱ्या तप्त वायूतल्या लाटांबद्दल वाचायचो. शांत वायूत एखादा वेगवान झोत घुसला की बारीकशी लाट त्याची ताकद खाऊन फुगत जाते, एवढंच त्यातलं मला पक्कं समजलं होतं. कॅफेचा मालकही अभ्यासू, पण गिऱ्हाइकांच्या सवयींचा. कोणत्या संगणकावर कोणत्या पानामागून कोणतं पान उघडलं, हे तो एका प्रोग्रॅममधून काढायचा आणि आल्यागेल्याला ऐकवायचा. त्याचा नियम सरळ होता: सलग उघडलेली पानं म्हणजे एक माणूस. स्वतःच्याच दुकानाची रीत मात्र तो विसरला होता. आमच्याकडे पैसे भरलेल्या अर्ध्या तासातला उरलेला वेळ कोणी वाया घालवत नसे. पुढच्याला देऊन उठायचं.

त्या संध्याकाळी चार नंबरवरून एक मुलगी उठली. "दादा, टाइम बाकी हाये, बसा तुमी," म्हणाली. समोर रेल्वेचं वेळापत्रक तसंच उघडं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तिला कुठे जायचंय ते मी वाचलं आणि माझ्या लाटा उघडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा भाऊ आला. मुलगी सकाळपासून घरात नव्हती. मालकानं मोठ्या हौसेनं चार नंबरचा हिशेब मांडला: कोर्ट मॅरेजचे नियम, रेल्वे, आणि लगेच सूर्य. प्रोग्रॅमला गावाचं नाव काही दिसत नव्हतं. पण आर्णीत सूर्य वाचणारा मी एकटाच, आणि मी तिथेच बसलेलो.

"कुठी लपवली तिले?" भावानं कमरेचा पट्टा काढला.

तिच्यामागून बसलो, एवढं म्हटलं असतं तरी सुटलो असतो. पण मग काय पाहिलंस, हा प्रश्न आलाच असता आणि तिच्या गाडीला अजून अवकाश होता. खरं सांगायचं तर पहिल्या फटक्यालाच माझं डोकं फिरलं. याला मेलो तरी सांगणार नाही, असं ठरवून टाकलं.

बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. खरेदी केंद्रानं पुन्हा माप थांबवलेलं. बैलांजवळ रात्री काढून माणसं तापलेली. ओरडा ऐकून ती आत घुसली. कायले मारता, हे कोणी विचारलं नाही. कोणी कानशिलात हाणली, कोणी बरगड्यांत लाथा घातल्या. एकानं कीबोर्ड उपटून तोंडावर मारला, तेव्हा दात गेला. भाऊ तर केव्हाच मागे लोटला गेला होता आणि ओरडत होता, "अबे, मरून जाते ना तो." पुस्तकातली लाट मला जमिनीवर पडल्यापडल्या कळली. ताकद भावाची नव्हतीच, रांगेची होती.

पुढे मुलीनं बूथवरून घरी फोन केला. लग्न झाल्याचं आणि नवऱ्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं नाही. भाऊ संत्री घेऊन आमच्या घरी आला.

"चुकलं मायं," म्हणाला. डोळ्यांत खरंच पाणी होतं आणि मलाही वाईट वाटलं. आई चहा ठेवायला आत गेल्यावर तो जवळ सरकला. "तिच्यामागून तू बसला ना? डोयानं पाह्यलं असन. कोन्त्या गावची गाडी होती?"

त्याच्या कमरेला पट्टा तोच होता.

"मी त सूर्य वाचून राह्यलो होतो," मी म्हणालो आणि संत्रं सोलायला घेतलं.