सांगणाऱ्याचं नाव

ते प्रकरण आजही लख्ख आठवतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळे जिल्ह्यात फौजदार होतो. एका दुपारी सोनगीरच्या एक निवृत्त शिक्षिका ठाण्यात आल्या. हायवेलगतच्या एका वृद्धाश्रमात त्या दर आठवड्याला जायच्या, म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायच्या आणि त्यांच्या वतीने व्यवस्थापकाशी भांडायच्या.

"साहेब, जो ऐकत नाही त्याला तिथे कोठीत बांधून ठेवतात."

"कोणी सांगितलं?"

"ते सांगणार नाही."

"बाई, फिर्यादीच नाही तर गुन्हा कसा नोंदवू?"

"मी इथून घरी जाईन. सांगणाऱ्याला तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं आहे. शब्द दिलाय मी."

मी समजावलं, मग आवाज चढवला. बाई ढिम्म हलल्या नाहीत. भल्याभल्या चोरांना बोलतं केलं होतं मी, पण त्यांच्यापुढे हात टेकले.

ठाण्यातली बातमी बाहेर फुटायला वेळ लागत नाही. बाईंना फाटकावरच अडवलं गेलं. व्यवस्थापक येऊन मलाच दरडावू लागला, "चुगली कोणी केली, नाव द्या!" वरून फोन आला : नाव काढा, नाहीतर मिटवा. मला जेवण जाईना. आत कोणीतरी होतं, कोण ते ठाऊक नव्हतं, आणि माझं एक पाऊल चुकलं तर त्याचे हाल कुत्रं खाणार नव्हतं.

खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर कोर्टसुद्धा करू शकत नाही. बाईंसाठी तसं कुठलंच कलम नव्हतं. म्हणून त्यांची खबर मी माझी गुप्त खबर केली आणि कागदावर त्यांचं नाव येऊच दिलं नाही.

पंच आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आश्रमात गेलो. एकालाच बाजूला घेतलं असतं तर व्यवस्थापकाने नेमका त्यालाच धरला असता. म्हणून प्रत्येकाला एकेकटं आत बोलावलं, बोलो न बोलो, सगळ्यांना सारखाच वेळ. उत्तर एकच, "साहेब, आठे बठ्ठं बेस शे." इथे सगळं छान आहे म्हणे. बाहेर व्यवस्थापक येरझारा घालत होता. माझा धीर सुटत चालला.

मग अर्धांगवायूने वाचा गेलेल्या एक आजी आल्या. त्यांना विचारणार तरी काय? पण त्यांनाही तेवढाच वेळ द्यायचा म्हणून आम्ही नुसते बसून राहिलो. आजींनी चांगल्या हाताने आपला लुळा हात पदराखालून काढला आणि टेबलावर ठेवला. मनगटाभोवती दोरीचे वळ होते. जो हात हलतसुद्धा नव्हता, तोही बांधला होता!

लगेच कोठी उघडायला लावली. खाटेला दोऱ्या तशाच होत्या. चौकशीत व्यवस्थापक "फार आरडाओरडा करतात हो" म्हणत कबूल झाला, पण कोणी सांगितलं ते अखेरपर्यंत विचारतच राहिला. सरकारतर्फे मीच फिर्यादी झालो. कोर्टात त्याच्या वकिलांनीही तेच विचारलं. मी उत्तर दिलं नाही. व्यवस्थापकाला शिक्षा झाली.

खबऱ्याला झाकायला माझ्यामागे कायदा होता, बाईंकडे होता फक्त दिलेला शब्द. दुबळ्यांसाठी बोलणाऱ्याकडून आपण नावं वदवून घेतली, तर पुन्हा कोणीही दुबळा तोंड उघडत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

व्यवस्थापकाला अटक झाल्यापासून बाई पुन्हा आश्रमात जाऊ लागल्या होत्या. निकालाच्या दिवशी त्या कोर्टाच्या आवारात भेटल्या. म्हणाल्या, "साहेब, ज्यांनी सांगितलं ते म्हणतात, साहेबांना माझं नाव कळवा."

ऐकायची फार इच्छा होती. तरी विचारलं, "ते अजून तिथेच राहतात?"

"हो. जातील कुठे?"

"मग नको," मी म्हणालो.