जमुनाबाईच्या गालातला डाग

तुमसरच्या भातगिरणीत उसना, म्हणजे उकडलेला धान उन्हात पसरवायचा आणि पायानं फिरवत राहायचा, हे काम जमुनाबाई एकोणीस वर्षं करत होती. नवऱ्यामागोमाग ती छत्तीसगढातून आली; तो वारला तरी इथंच राहिली. गिरणीमागच्या झोपड्यांत तिच्याच मुलुखातली तीसेक घरं होती. भांडण असो की बाळंतपण, पहिली हाक तिलाच जायची.

१९८३ च्या माघात सरकारी नर्स रत्नाबाई तिथं आली. पंधरा दिवसांनी नागपूरचे डॉक्टर येऊन सगळ्या बायकांची तोंडं तपासणार, असं तिनं एक मोठा फलक धरून सांगितलं. कॅन्सर हा शब्द निघाला आणि बायका उठून गेल्या. जमुनाबाईची धाकटी जाऊ बायाबाई जाताजाता म्हणाली, "शाहत्तर साली जीप आली, तवाबी तपासणीच म्हणत होते." त्या जीपनं तिच्या नवऱ्याला नेलं होतं, नसबंदी करून परत सोडलं होतं.

रत्नाबाई फलक गुंडाळू लागली, तशी जमुनाबाई जवळ आली.

"बाई, हा कागद कोणाले वाचता येत नाही. आमच्या बाया दिवसातून चारदा तंबाखूचा गुडाखू दाताले घासतात. थो सोडा म्हणसान तर कोणी उभं नाही करणार. आधी फक्त पाहाले शिकवा. संध्याकाळी हातपंपावर या."

संध्याकाळी रत्नाबाई फलकाशिवाय आली. बायका बोटावर गुडाखू घेऊन बसल्या होत्या. जमुनाबाई आपल्या बोलीत त्यांना म्हणाली, "तांदळातला दागी दाना तुमच्या नजरेतून सुटत नाही. गालात तसा पांढरा डाग हाये का, एवढंच पाहाचं." तिनं आरसा पुढं केला. एकही हात आला नाही.

मग तिनं स्वतःच रत्नाबाईच्या टॉर्चपुढं तोंड उघडलं. उजेड एका जागी थांबला, हलेना. रत्नाबाई तिच्या कानाशी वाकली. "डाव्या गालात आहे. नागपूरला दाखवावं लागेल."

लपवणं सोपं होतं.

"हळू कायले बोलता, बाई?" ती म्हणाली. "सगळ्याइले ऐकू द्या."

नागपुरात गालाचा तुकडा काढून तपासायला घेतला. निकाल दहा दिवसांनी. ती परतली तेव्हा गाल सुजला होता. कापलं म्हणजे रोग पसरणार, असं झोपड्यांत सुरू झालं. धान फिरवताना बायका चोरून तिच्याकडं बघत. गुडाखू सोडल्यामुळं तिचं डोकं ठणकायचं. निकाल वाईट आला तर आपण तर जाणारच, पण यापुढं एकही बाई डॉक्टरसमोर तोंड उघडणार नाही, हा विचार तिला घास गिळू देईना. बायाबाईनं तर तपासणीआधीच गावाकडं जायला गाठोडं बांधलं.

अकराव्या दिवशी रत्नाबाई उन्हातून चालत थेट धानावर आली. "कॅन्सर नाही. पण गुडाखू पुन्हा धरला तर होऊ शकतो."

जमुनाबाई होती तिथंच धानात बसली. जरा वेळानं उठून बायाबाईच्या झोपडीत गेली.

"माह्यात नाही निघालं. तुह्या तोंडात काय हाये थे मले माहीत नाही. गाठोडं सोडू नको. पण दाखवून जा."

बायाबाई गाठोड्यावर टेकली. "दीदी, दोन महिने झाले. मिरची लागली का आग होते. जिभेखाली फोड हाये, भरूनच नाही राहिला."

तपासणीच्या दिवशी एक्केचाळीस बायका आल्या. पडद्याआड डॉक्टरीणबाई होती, शेजारी जमुनाबाई उभी. बायाबाईचा फोड कॅन्सरच निघाला, पण लहान होता. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. बावीस दिवस जमुनाबाई तिच्या खाटेशी बसून होती. बायाबाई वाचली. बोलणं बोबडं झालं, जेवणात नुसती पेज राहिली. त्यावरून बायाबाईच्या नवऱ्यानं कित्येक महिने जमुनाबाईला बोल लावला.

गुडाखू सगळ्यांनी सोडला नाही. काही बायका तर जमुनाबाई दिसली की डबी पदराखाली घालायच्या. ती स्वतः मात्र दर सहा महिन्यांनी नागपूरला जाऊन गाल दाखवत राहिली. डाग फिका पडला, पण पुरता गेला नाही.