सतरा मिनिटांची खोली

हॉटेलातल्या पाचही सफाईवाल्या तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे दुर्बीण. नाव अगदी चपखल होतं. सव्वीस वर्षं खोल्यांची देखरेख केलेली बाई. उशीवरची सुरकुती बघून सांगायची, इथे पाहुणा झोपला होता की आपलीच कुणी पाठ टेकून गेली. कोणी हसून बोललं की हिचा पहिला प्रश्न एकच, ‘याला काय हवंय?’

तर अशा बाईपुढे एके सकाळी विद्यापीठातल्या पर्यटन विभागाच्या प्राध्यापिका सहा पोरंपोरी घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “पूर्वी आम्ही पाहुणचार वेगळा शिकवायचो, कामगारांची व्यवस्था वेगळी, हिशेब वेगळा, अहवाल लिहिणं वेगळं. आता चारही विषय एकत्र. मुलं खऱ्या हॉटेलात येणार, खरा प्रश्न सोडवणार. शेवटी एकच अहवाल, त्याचेच गुण चारही विषयांना.”

“कुठला प्रश्न?” मावशीने विचारलं.

“खोल्यांच्या वाटपाचा. एकेका बाईला सोळा खोल्या, त्या नेमक्या कशा होतात ते बघायचंय.”

झालं! मावशीच्या मनात पाल चुकचुकली. फुकटची सहा माणसं, वर हातात घड्याळं. मॅनेजर एवढा गोड हसतोय म्हणजे दाल में कुछ काला है. ही पोरं काम शिकणार आणि आपल्या बायका घरी बसणार, दुसरं काय?

त्यातही तिला घोर होता थोरल्या जावेचा. त्या पाचजणींतली सगळ्यात वयस्क तीच. मावशी एकोणिसाव्या वर्षी सून म्हणून घरात आली, तेव्हा याच जावेने हाताला धरून तिला हॉटेलात कामाला लावलं होतं. आता जावेची कंबर गेलेली, वाकली की दोन क्षण तशीच राहायची. कुणाला काढायचं ठरलं तर पहिली कुऱ्हाड तिच्यावर, हे सांगायला ज्योतिषी नको.

संध्याकाळी चादरींच्या खोलीत मावशीने पाचहीजणींना गोळा केलं.

“त्या पोरांशी कामापुरतं बोला. एक शब्द जास्त नाही. आणि त्यांना असा वेग दाखवा की म्हणतील, बापरे, हे आपल्या बापजन्मी जमायचं नाही!”

जाऊ म्हणाली, “अगं, पण...”

“पण नाही नि बिण नाही.”

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या तासभर आधी यायला लागल्या. पहाटेच रिकाम्या झालेल्या खोल्यांची न्हाणीघरं घासून ठेवायची, टॉवेल बदलायचे, कचरा काढायचा. मग जाड चष्म्याची एक पोरगी घड्याळ घेऊन आली की तिला त्याच खोल्यांत न्यायचं, तिच्यासमोर न्हाणीघरात नुसतं ओलं फडकं फिरवायचं, पलंग लावायचा, की खोली तयार. एरवी अठ्ठावीस मिनिटांचं काम सतरा मिनिटांत! पोरगी तोंडाचा आ करून बघत राहायची. मावशी मनात म्हणायची, बघ बाई, बघ. लिहून ठेव.

पंधरा दिवस असं चाललं. जावेने गुपचूप कमरेला पट्टा बांधला.

अहवाल हॉटेलच्याच सभागृहात वाचला गेला. एका बाजूला मॅनेजर, मध्ये प्राध्यापिका, मागे भिंतीला टेकून या सहाजणी. चष्मेवाली उभी राहिली. आवाज पडलेला.

“आमचा अंदाज होता की सोळा खोल्यांचा बोजा जास्त आहे. तो बारावर आणावा, असं सुचवायचं होतं. पण मोजलं तर एका खोलीला सतराच मिनिटं लागतात. आमचा अंदाज चुकला.”

मॅनेजर खुर्चीत सरसावून बसला. “म्हणजे वीस खोल्या सहज होतील. मग चारजणी पुरे.”

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती पुढे आली आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. तासभर आधी येणं, घासून ठेवलेली न्हाणीघरं, सगळं. “सतरा खोटं आहे साहेब. खरे अठ्ठावीस. मीच करायला लावलं.”

चष्मेवालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचे चारही विषय त्या कागदांवर उभे होते. प्राध्यापिका हळूच तिला म्हणाल्या, “तू नुसतं घड्याळ धरलंस. एक खोली स्वतः लावून बघायची होतीस.”

मॅनेजरने मात्र अहवाल घडी करून खिशात घातला. “पंधरा दिवस खोटं बोललात ते आज खरं कशावरून बोलताय? एक जागा कमी होणार म्हटल्यावर कुणीही हेच म्हणेल.”

आयुष्यभर मावशीने जगावर संशय घेतला. तिच्यावर कुणी घेतला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिनाअखेर कुऱ्हाड जावेवरच पडली. तिने हॉटेलातल्या आपल्या कपाटाची किल्ली मावशीला आणून दिली. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं.

“ती पोरगी मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती,” जाऊ कमरेचा पट्टा सोडत म्हणाली, “आजी, तुमच्या खोल्या कमी करायलाच आलोय आम्ही.”

“मग मला का नाही सांगितलंत, ताई?”

“सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस की मीही त्यांना सामील आहे.”